मागचे दोन पाय

जरा जवळ सरकून बसा. दिवा मोठा करायची गरज नाही. गोष्ट भर दुपारची आहे आणि सुरू होते ती पाठदुखीपासून, त्यामुळे अजून तरी घाबरण्यासारखं काही नाही.

त्या बाईला सगळे सिस्टर म्हणत. मोठ्या हॉस्पिटलात नर्स होती. दिवसभर वॉर्डातल्या आडव्या माणसांना या कुशीवरून त्या कुशीवर वळवायचं, आणि सुट्टी आली की नवऱ्याच्या हौसेपायी रानात तंबू ठोकून स्वतः दगडांवर आडवं व्हायचं. लग्न झाल्यापासून हेच चाललं होतं. नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर. उंच इमारतींच्या काळोख्या पोकळीत लोंबकळून झालं की त्याला मोकळं आकाश हवं असायचं. "जमिनीवर झोपण्यात जी मजा आहे ना, ती गादीवर नाही," असं तो सकाळी ताजातवाना होऊन म्हणायचा, आणि सिस्टर तेव्हा कमरेवर हात दाबून वाकून उभी असायची. त्याचा गळा धरावासा वाटे तिला. पण गळा धरायला सरळ उभं तरी राहता यायला हवं.

आणि नुसती जमीन असती तरी एक वेळ चाललं असतं. तंबूत दोघांच्या मधोमध मुलगी झोपायची. अंगाने अगदीच किरकोळ, म्हणून तिला मुंगी म्हणत. पण ही मुंगी झोपेत अशा लाथा झाडायची की आईची बरगडी आणि बापाचं नाक दोन्हींची खैर नसे. तंबूत निजायची सवय लागली ती लागलीच, मग घरीही ती मधेच. वेगळी खोली सजवून दिली, चांदण्या चिकटवल्या, काही उपयोग नाही. सिस्टरने शेवटी हात टेकले आणि नवऱ्याला निर्वाणीचं सांगितलं, "एक तर मला जमिनीवरून उचल आणि हिला स्वतःचा पलंग दे, नाहीतर तुझं आकाश तू एकट्याने बघ."

नवरा कुरकुरला, फुगून बसला, आणि एका रविवारी जुना पण धडधाकट असा घडीचा ट्रेलर गाडीला जोडून घेऊन आला. बंद असताना मोठ्या पेटीसारखा दिसणारा. हँडल फिरवलं की छप्पर वर, कापडाच्या भिंती ताठ, आणि पुढून मागून एकेक पलंग खणासारखा ओढून बाहेर काढायचा. पुढचा मुंगीचा, मागचा या दोघांचा, मधे छोटीशी शेगडी आणि टेबल. "वापर फार कमी झालाय म्हणे," नवरा कौतुकाने म्हणाला. का कमी झाला, हे विचारायचं दोघांनाही सुचलं नाही. सिस्टर तर गादीवर हात फिरवण्यात गुंग होती.

पहिल्या सहलीला ते तळ्याकाठच्या एका मोकळ्या जागेत पोचले ते जेवणवेळेच्या सुमारास. आठवड्याच्या मधला वार, थंडीचे दिवस, चिटपाखरू नव्हतं. तळ्यावरून धुकं सरकत वर येत होतं आणि दुपार असून उजेड संध्याकाळसारखा मळकट होता.

आता इथे या नवरा-बायकोची एक खोड सांगायला हवी. तंबू ठोकताना यांची हमखास जुंपायची. दोरी ताण म्हणून भांडण, सैल कर म्हणून भांडण. शेवटी यांनी आपसात ठरवून टाकलं होतं की मुक्काम उभा होईपर्यंत तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. खुंट्या, दोर, जे काही जमिनीत जातं ते नवऱ्याचं. कापड, बंद, साखळ्या, आतलं अंथरूण ते सिस्टरचं. मुक्याने काम, मग चहा. हीच पद्धत त्यांनी ट्रेलरलाही लावली. नवऱ्याने गाडी सोडवली, पुढचं लहान चाक टेकवलं, पुढच्या कोपऱ्यांतले लोखंडी पाय खाली सोडले, हँडल फिरवलं. सिस्टरने पलंग ओढले, कापड ताणलं, चादरी घातल्या. ब्र काढला नाही कोणी. घडीच्या पायऱ्या दाराशी लावल्या आणि दोघं एकमेकांकडे बघून हसली. भांडण न होता एवढं घर उभं राहिलं, याचंच अप्रूप.

जेवण झाल्यावर सिस्टर मागच्या पलंगावर आडवी झाली आणि तिच्या तोंडून असा सुस्कारा निघाला की नवरा शरमला. खाली दगड नाही, ओल नाही, पाठीला मऊ गादी. नवराही शेजारी येऊन पडला आणि लगेच घोरायला लागला. जमिनीची मजा म्हणे! पुढच्या पलंगावर मुंगीला झोपवून सिस्टरने मधला पडदा ओढून घेतला होता. आज ही एकटी झोपली तर घरीही झोपेल, एवढी एकच आस तिने धरली होती. किती वर्षांत सलग झोप नव्हती तिला.

"आई..."

"झोप."

"आई, पाणी."

उठून पाणी दिलं. परत येऊन पडते न पडते तोच पुन्हा.

"आई, शू लागली."

धुक्यातून तिला झाडामागे नेऊन आणलं. पुन्हा पडदा. पुन्हा आडवी. डोळा लागतो ना लागतो तोच,

"आई, जागा नाहीये."

सिस्टरच्या डोक्यात सणक गेली. दोन मोठी माणसं ऐसपैस झोपतील असा पलंग, त्यावर हे एवढंसं कार्टं, आणि म्हणे जागा नाही! "मुंगे, नाटकं बंद! काही झालं तरी आज तू इकडे येणार नाहीस. कळलं?"

"पण मी कुठे झोपू?"

"सरकून झोप!"

पडद्यापलीकडे गादी हळूच कुरकुरली. "सरकले," मुंगी म्हणाली. मग बारीक आवाजात, "अजून सरकू?"

"हो गं बाई, सर, हवी तेवढी सर, पण गप्प पड!"

त्यानंतर मुंगी बोलली नाही. सिस्टरला जरा वाईट वाटलं, पण झोपेने तिला वाईट वाटूही दिलं नाही.

जाग आली ती वासाने. बंद कपाटात वर्षानुवर्षं ठेवलेल्या ओल्या लोकरीचा वास. वॉर्डात असा वास यायचा, खूप दिवस अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पांघरुणाला. डोळे मिटलेलेच होते तिचे. पलीकडे गादी करकरली आणि सगळा ट्रेलर अगदी किंचित हलला. कोणीतरी कुशीवर वळत होतं. सावकाश, आधी खांदा, मग कंबर, मग पाय. सिस्टर अर्धवट झोपेत सवयीनेच पुटपुटली, "हळू... हळू वळा, घाई नाही..."

आणि खाडकन जागी झाली.

बाई, तू वॉर्डात नाहीस, तिने स्वतःला बजावलं. मुलगी वळली असेल. पण ज्या बाईचं निम्मं आयुष्य दुसऱ्यांच्या खाटांचे आवाज ऐकण्यात गेलं, तिला लहान मूल वळल्याचा आवाज आणि जडशीळ माणूस वळल्याचा आवाज यातला फरक काय सांगायचा? तिने कान दिला. शांत. नवऱ्याचं घोरणं तेवढं चालू. नवा बिछाना, नवी जागा, भास झाला असेल, म्हणत ती उठली आणि चहासाठी पाणी आणायला किटली घेऊन बाहेर आली.

धुकं आता ट्रेलरच्या अंगाला येऊन टेकलं होतं. झाडाखाली उभी केलेली गाडीसुद्धा नुसती सावलीसारखी दिसत होती. तळ्याकडे जायला तिने ट्रेलरच्या मागून वळसा घातला, आणि सहज म्हणून तिची नजर खाली गेली.

मागचे दोन पाय खाली सोडलेलेच नव्हते. दोन्ही कोपऱ्यांत, घडी करून वर अडकवलेले, जसे घरून निघताना होते तसे.

सिस्टरचं पित्त खवळलं. एवढं एक काम! जमिनीत जातं ते त्याचं, हे ठरलेलं असताना हा शहाणा विसरतोच कसा? ट्रेलर विकणाऱ्याने अगदी बजावून सांगितलं होतं, मागचे पाय टेकल्याशिवाय मागच्या पलंगावर कोणी बसायचंसुद्धा नाही, सगळं धूड मागे कलंडेल. ती तशीच कापडाच्या भिंतीशी गेली आणि नवऱ्याचं डोकं जिथे असेल तिथे तिने बोटाने टोचलं.

"उठ जरा. मागचे पाय कोण लावणार होतं?"

"अं? तू..." आतून झोपाळलेला आवाज आला. "मागची बाजू तुझी ना..."

"मागची बाजू नाही, कापड माझं! खालचं सगळं तुझं! डोकं कुठे असतं रे तुझं? आपण दोघं एवढा वेळ मागे झोपलो होतो, हे कलंडलं असतं म्हणजे..."

बोलता बोलता ती थांबली.

कलंडलं का नाही?

दोन मोठी माणसं, मागे टोकाला. खाली टेकू नाही. पुढे फक्त मुंगी.

नवरा तसा प्रत्येक गोष्टीचं स्पष्टीकरण तोंडावर फेकणारा माणूस. फ्रीज का आवाज करतो, दार का अडकतं, पाठ का दुखते, सगळं त्याला ठाऊक. आणि हा तर थेट त्याच्याच पोटापाण्याचा विषय. एका बाजूला माणसं, दुसऱ्या बाजूला तेवढ्याच वजनाचे लोखंडी ठोकळे, यावरच लिफ्ट चालते. सिस्टर त्याच्या उत्तराची वाट बघत राहिली. त्याने हे कसं साधं आहे ते सांगावं, तिला वेड्यात काढावं, हसावं.

"ऐकतोयस ना?"

"हळू बोल." त्याचा आवाज कापडाला अगदी चिकटून आला. "मुंगीच्या वजनाने हे नाही थांबणार. तिच्यासारख्या सात-आठ जणी लागतील."

"मग पुढे काय आहे?"

"...मला नाही माहीत."

"तू बाहेर ये."

"नको. आधी तिला काढ. मी इथून हललो आणि ते... ते पुढचं हललं तर? ती तिथे आहे अजून. मी आहे तिथेच पडून राहतो. तू जा, तिला घे."

लग्नानंतर पहिल्यांदाच सिस्टरने त्याचं म्हणणं वाद न घालता ऐकलं. किटली तिने गवतावर ठेवली. ती पायऱ्या चढली. मीच सांगितलं तिला सरकायला, हे एकच तिच्या डोक्यात घण घालत होतं. लेकरू सांगत होतं आणि मी खेकसले.

तिने पडदा बाजूला केला.

मुंगी पलंगाच्या अगदी कडेला, कापडाच्या भिंतीला पाठ घट्ट लावून, कुशीवर पडली होती. डोळे टक्क उघडे. बाकी सगळा पलंग रिकामा होता. रिकामा, पण मधोमध गादी खोल दबलेली, चादर त्या खळग्यात ताणली जाऊन तिला चुण्या पडलेल्या. उशीलाही खड्डा. ओल्या लोकरीचा वास असा, की नाक धरावं.

"मुंगे..." सिस्टरने ओठ नुसते हलवले. "ये बाळा. हळू ये."

मुंगीने ओठांवर बोट ठेवलं. मग ती रांगत निघाली. सरळ नाही आली, खळग्याला वळसा घालून आली. पायांच्या बाजूने, पोट आत ओढून, झोपलेल्या माणसाला धक्का लागू नये म्हणून आपण जातो ना, तशी. एका ठिकाणी तिने पाय चांगला उंच उचलून पलीकडे टाकला. सिस्टरने तिचा हात पकडला, पायऱ्यांवरून खाली उतरवलं आणि गवतावर तिला पाठीशी घालून उभी राहिली.

ट्रेलर जागचा हलला नाही. तसाच सपाट, शांत.

"काढलंस का?" आतून नवऱ्याने विचारलं.

"काढलं. आता तू ये. ये ना रे लवकर!"

"येतो."

पण त्याच्या आधी पुढची गादी करकरली. मोठ्याने, ओझं उतरताना करकरते तशी. मग आतल्या फळ्या वाजल्या. एक... जरा थांबून दुसरी... आणि दाराकडे तिसरी. सिस्टरच्या डोळ्यांदेखत दाराशी लावलेली वरची पायरी दबली. मग खालची पायरी दबली. दोन्ही परत वर आल्या. दारात कोणी नव्हतं.

त्याच क्षणी ट्रेलरचं मागचं टोक धाडकन जमिनीवर आदळलं. पुढचं चाक हवेत गेलं, भांडी घरंगळली, आणि आतून नवऱ्याची किंकाळी आली. दार तिरकं झालेलं. तो त्यातून कसाबसा ओणवा होऊन बाहेर पडला. कपाळ फुटलं होतं. तिरप्या झालेल्या त्या नव्या संसाराकडे त्याने बघितलंही नाही.

"चल," तो म्हणाला. "सगळं राहू दे इथेच. गाडीत बसा."

"आणि सामान? माझी पर्स, फोन..."

"गाडीत आहे सगळं. चल म्हणतो ना!"

तो गाडीकडे धावत सुटला. त्याने मागचं दार उघडून ठेवलं, पुढे जाऊन बसला, किल्ली फिरवली. एकदा घरघर, दोनदा घरघर.

इकडे मुंगीने दोन्ही हात वर केले. "आई, उचल."

सिस्टर हात पुढे करता करता थबकली. ते बाहेर आलं होतं, पायऱ्या उतरलं होतं, आणि उतरून गेलं कुठे? पोटच्या पोरीला हात लावायला तिला भीती वाटली, आणि त्या भीतीची तिला भयंकर लाजही वाटली. तिने दात आवळले, पाठ सावरली, वॉर्डात सगळ्यात जड पेशंटला उचलताना घेते तसा श्वास घेतला आणि मुलीच्या काखेत हात घालून उचललं.

मुंगी चटकन वर आली. हलकी, उबदार, घामेजलेली, नेहमीसारखी. तिच्या केसांना तिचाच वास होता. सिस्टरला रडूच कोसळलं. तिने पोरीला छातीशी इतकं घट्ट धरलं की ती "आई, दुखतंय" म्हणाली. झोप गं माझे आई, रोज मधे झोप, हव्या तेवढ्या लाथा मार, पुन्हा कधी नाही म्हणणार नाही. असं काहीबाही बडबडत ती गाडीकडे वळली.

इंजिन सुरू झालं. धुक्यात मागचे दोन लाल दिवे लागले. आणि ती अजून दहा-बारा पावलं दूर असतानाच गाडी उघड्या दाराच्या बाजूला हळूच खाली दबली.

"बसलात ना?" नवऱ्याचा आवाज आला. त्याने मान वळवली नव्हती. त्याची नजर आणि हात, दोन्ही पुढे स्टिअरिंगवर खिळलेले. गाडीने वजन घेतलं, ते त्याला बसल्या जागी कळलं होतं. "दार लावा."

"नाही... अरे, आम्ही नाही..." सिस्टर ओरडली. "आम्ही बाहेर आहोत! अरे, थांब!"

आतून दार लागलं.

गाडी निघाली. सिस्टर मुलीला कडेवर घेऊन धावली, ओरडली, एक चप्पल गवतात राहिली, पण इंजिनाच्या आवाजात तिचं कोण ऐकतंय? पार वळणापर्यंत तिला ते दोन लाल दिवे दिसत होते. त्यातला डावीकडचा दुसऱ्यापेक्षा चांगलाच खाली होता.